चेंडू गेला कुठे?

मंडळी, गेल्या महिन्यात लेकाकडे होते. त्याने ड्रायरसाठी नवी घडीची नळी आणून ठेवली होती. आता अशी वस्तू हाती आल्यावर आजी-नातू गप्प बसतात थोडेच! मी नळी सोफ्याच्या पाठीवरून तिरकी नेली, खालचं टोक टोपलीत सोडलं आणि वरून टेनिसचा चेंडू टाकला. "कुठे गेला रे, बाळा?" अडीच वर्षांचा पठ्ठ्या वरच्या तोंडाच्या बरोब्बर खाली गालिच्यावर शोधायला लागला. टोपलीतून काढून दाखवला, पुन्हा टाकला. पुन्हा गालिचा!

लेक इंजिनियर. त्याचा चेहरा पडला. "आई, याला काही प्रॉब्लेम तर नाही ना? बोलायलाही उशीरच झालाय."

म्हटलं, बोलण्याचं डॉक्टरांना जरूर विचार, पण चेंडूचं नको. ब्रूस हूड या मानसशास्त्रज्ञाने 1995 साली असाच प्रयोग छापला. दोन-अडीच वर्षांची मुलं सरळ खालीच शोधतात. वस्तू पडते ती सरळ खाली, हे त्यांनी घास सांडता सांडता स्वतःच शिकलेलं असतं आणि ते इतकं पक्कं की समोरची नळीही त्यांना अडवत नाही. नळी पारदर्शक असली तर जमतं. टॅमरिन माकडंही हीच चूक करतात. (हे मी सूनबाईंसमोर बोलले नाही!)

लेकाला पटेना. मग त्याला ड्राइव्हवेवर नेलं. "भरभर चालत जा आणि न थांबता चेंडू टोपलीत सोड." त्याने बरोबर टोपलीवर हात आल्यावर सोडला. चेंडू दीड-दोन फूट पुढे! मेकॅनिक्समध्ये डिस्टिंक्शन हो याला. चालणाऱ्याच्या हातातला चेंडूही त्याच्याच वेगाने पुढे जात असतो, सुटल्यावरही जातो. पण आपण चालणाऱ्याच्या संदर्भाने बघतो, म्हणून तो सरळ खाली पडल्यासारखा दिसतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मायकेल मॅक्लॉस्की यांनी 1983 मध्ये हे दाखवलं, तेही कॉलेजच्या मुलांवर.

लेक दोन-तीनदा चुकला, मग टोपलीच्या अलीकडेच सोडायला शिकला. सूनबाई दारातून ओरडली, "अहो, कपडे ओले आहेत, नळी कधी बसवताय?" आत बाळ अजून गालिचा उचलून बघत होता.