विश्लेषण : तळ्यात गेला तर दंड, डबक्यात गेला तर माफ! गोल्फमधला पाण्याचा नियम नेमका काय?

गल्ली क्रिकेटचे नियम घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत थोड्याफार फरकाने सारखेच. चेंडू गच्चीवर गेला की आउट, गटारात गेला की ज्याने मारला त्यानेच काढायचा. गोल्फमध्ये चेंडू पाण्यात गेला तर काय, याचे उत्तर मात्र एका ओळीत बसत नाही. पाणी कुठले, कधीचे आणि त्याच्या काठावर कुठल्या रंगाचा खुंट रोवला आहे, यावर सगळे ठरते. आणि त्या एका फटक्याच्या हिशेबावर कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होऊ शकतात.

लाहिरीच्या बाबतीत काय झाले होते?

मार्च २०२२. अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये सॉग्रासच्या मैदानावर ‘प्लेयर्स चॅम्पियनशिप’ सुरू होती. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी शेवटच्या फेरीत एका फटक्याची आघाडी घेऊन उतरला. त्याच्या पुढे खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून स्मिथने बर्डीचा सपाटा लावून त्याला मागे टाकले. पण अठराव्या होलवर स्मिथचा पहिला फटका झाडांत गेला आणि तिथून बाहेर काढलेला चेंडू घरंगळत थेट पाण्यात पडला.

आता मोजा. दोन फटके झाले होते. पाण्याचा दंड धरून तीन. स्मिथने नियमानुसार कोरड्या जागी चेंडू टाकला, चौथा फटका होलच्या अगदी जवळ नेला आणि पाचव्यात काम संपवले. म्हणजे पाण्यात जाऊनही पारपेक्षा एकच फटका जास्त. लाहिरीला बरोबरीसाठी त्या होलवर बर्डी हवी होती, त्याला पार मिळाला. स्मिथ उणे १३, लाहिरी उणे १२. विजेत्याला ३६ लाख डॉलर, उपविजेत्याला २१ लाख ८० हजार.

पाण्यात गेलेल्या चेंडूला शिक्षा आहे, पण खेळ संपत नाही. नियमाचा गाभा हाच आहे.

लाल आणि पिवळा खुंट कशासाठी?

आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था गोल्फचे नियम ठरवतात. २०१९ मध्ये त्यांनी ‘वॉटर हॅझर्ड’ हा जुना शब्दच काढून टाकला आणि ‘पेनल्टी एरिया’ आणला. कारण आता पाणी नसलेली जागा, उदाहरणार्थ दाट झाडी किंवा खडकाळ भागही आयोजक असा आखू शकतात. हा नियम क्रमांक १७.

पिवळ्या खुंटांच्या क्षेत्रात चेंडू गेला तर एका फटक्याचा दंड घेऊन दोन पर्याय असतात. एक, आधीचा फटका जिथून मारला तिथूनच पुन्हा खेळायचे. दुसरा, चेंडूने त्या क्षेत्राची हद्द शेवटची जिथे ओलांडली तो बिंदू आणि होल यांना जोडणारी सरळ रेषा धरायची आणि त्याच रेषेवर पाण्याच्या मागे हवे तितके मागे जायचे. लाल खुंट असतील तर याशिवाय तिसरा पर्याय मिळतो. हद्द ओलांडलेल्या बिंदूपासून दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकायचा. म्हणूनच खेळाडूंना लाल रंग बरा वाटतो.

चेंडू टाकायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून. पूर्वी खांद्याच्या उंचीवरून टाकत.

चेंडू पाण्यातच गेला, हे मात्र जवळपास निश्चित हवे. नियमांच्या भाषेत किमान ९५ टक्के खात्री. ‘गेला असेल बहुतेक’ चालत नाही. तीन मिनिटांत सापडला नाही आणि खात्रीही नाही, तर चेंडू हरवला असे धरून एका फटक्याच्या दंडासह मूळ जागी परत.

कोरडा नाला आणि पावसाचे डबके

गंमत इथे आहे. मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडलेला नालासुद्धा नियमाच्या दृष्टीने पेनल्टी एरियाच. थेंबभर पाणी नसले तरी तिथून सुटका हवी असेल तर एक फटका मोजावा लागतो. उलट जुलैच्या पावसात फेअरवेवर साचलेले गुडघाभर पाणी हे ‘तात्पुरते पाणी’ ठरते आणि त्यातून सुटका मोफत मिळते. चेंडू त्यात असो किंवा खेळाडूला त्यात उभे राहावे लागत असो, जवळची कोरडी जागा शोधायची आणि तिथून एका काठीच्या अंतरात चेंडू टाकायचा. दंड शून्य.

चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. मुंबईच्या पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी हा फरक पाठच केलेला बरा. दोन बारकावे आहेत. पाणी डोळ्यांना दिसले पाहिजे. नुसता चिखल किंवा बूट दाबल्यावर वर येणारा ओलावा चालत नाही. आणि तळे भरून बाहेर वाहू लागले, तर खुंटांच्या बाहेरचे पाणी तात्पुरते धरतात. एकच पाणी, पण खुंटाच्या आत दंड आणि बाहेर माफी. बंकरमध्ये पाणी साचले तर मोफत सुटका बंकरच्या आतच. बाहेर यायचे तर पुन्हा एक फटका.

पाण्यात उतरून खेळता येते का?

येते, आणि दंडही नाही. २०१९ पासून तर फटक्याआधी काठी पाण्याला टेकवायलाही मुभा आहे. पण मोह महागात पडू शकतो. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. कार्नुस्टीच्या ओढ्यात चेंडू गेल्यावर तो बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, विचार बदलला, दंड घेऊन बाहेरून खेळला आणि सात फटके लागले. सहा लागले असते तरी तो जिंकला असता. प्लेऑफमध्ये पॉल लॉरीने बाजी मारली.

२०२२ पर्यंत चेंडू टाकला म्हणजे सुटलो, असेही नव्हते. २०१९ च्या फिनिक्स ओपनमध्ये रिकी फाउलरने दंड घेऊन ठेवलेला, स्थिर झालेला चेंडू तो ग्रीन पाहायला गेला असताना आपोआप घरंगळून पुन्हा पाण्यात गेला. चेंडूला कोणी हातही लावला नव्हता, तरी दुसरा दंड बसला. तेव्हाच्या नियमानुसार बरोबर, पण निष्ठुरच. ती स्पर्धा त्याने तरीही जिंकली.

टायगर वूड्स आणि टीव्हीसमोरचे पंच

२०१३ च्या मास्टर्समध्ये पंधराव्या होलवर वूड्सचा चेंडू झेंड्याच्या काठीला आपटून पाण्यात गेला. त्याने मूळ जागेवरून पुन्हा खेळण्याचा पर्याय घेतला, पण चेंडू टाकला सुमारे दोन यार्ड मागे. २०१९ आधीचा नियम सांगत होता, मूळ जागेच्या शक्य तितका जवळ. एका टीव्ही प्रेक्षकाने फोन करून हे कळवले. आयोजकांना आधी काही चुकीचे वाटले नाही. मग वूड्सने स्वतःच मुलाखतीत दोन यार्ड मागे गेल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. त्या होलवरचे सहा आठ झाले. स्पर्धेत तो संयुक्त चौथा राहिला.

घरबसल्या पंचगिरी करणाऱ्यांचे हे दिवस मात्र संपले. १ जानेवारी २०१८ पासून मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत प्रेक्षकांच्या फोन-ईमेलवरून नियमभंगाची दखल घेतली जात नाही. प्रक्षेपणावर नजर ठेवायला आयोजकांचेच अधिकारी असतात. त्यामुळे स्क्रीनशॉटवर लाल वर्तुळ काढून टॅग करायला हरकत नाही, गुणपत्रक त्याने बदलणार नाही.