यकृतावरचा व्रण आणि आपले गैरसमज

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांच्या पोटात पाणी झाले. तपासणीत यकृताचा सिरॉसिस निघाला. दारूच्या थेंबालाही आयुष्यात न शिवलेला हा माणूस. तरीही ‘लपूनछपून घेत असणार’ अशी कुजबुज सभागृहाच्या ओसरीवर आम्ही ऐकली, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी काहींनी ती केलीही. पुढे ते कार्यक्रमांना येईनासे झाले. गेल्या वर्षी ते गेले. त्यांना पंचवीस वर्षांचा मधुमेह होता. त्याचा यकृताशी संबंध असू शकतो, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

म्हणून हा विषय येथे घेत आहोत. गेल्या काही वर्षांत या आजाराबाबत जगात तीन मोठ्या गोष्टी घडल्या. आजाराचे नाव बदलले, त्यावर पहिली मान्यताप्राप्त औषधे आली आणि आपल्या सरकारने त्याची धोरणात दखल घेतली. या सगळ्याच्या मुळाशी चाळीस वर्षांचे संशोधन आहे आणि त्यात एक नाव ठळक आहे, डॉ. स्कॉट फ्रीडमन.

यकृतातील ताऱ्याच्या आकाराच्या पेशी जर्मन शास्त्रज्ञ कुप्फर यांनी 1876 मध्येच पाहिल्या होत्या. पुढे जपानी संशोधकांनी दाखवले की या पेशी ‘अ’ जीवनसत्त्व साठवून ठेवतात. त्यापलीकडे त्यांचे काम काय, हे नीट कळले नव्हते. 1985 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातून या पेशी वेगळ्या काढल्या आणि दाखवून दिले की यकृतातील कोलॅजन मुख्यतः त्याच तयार करतात. कोलॅजन म्हणजे व्रणाचा चिवट धागा. पुढे न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथे त्यांनी हेच काम चालू ठेवले.

चित्र साधारण असे आहे. यकृताला इजा झाली की या शांत पेशी जाग्या होतात, आपला ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा गमावतात आणि जखम सांधण्यासाठी कोलॅजन विणू लागतात. इजा एकदाच झाली तर हे उपकारकच असते. पण ती रोज होत राहिली, मग कारण दारू असो, हिपॅटायटिसचा विषाणू असो किंवा चरबी आणि मधुमेह असो, तर व्रणावर व्रण साचत जातो. याला फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत आणि चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस. पेशीला दारू आणि साखर यांतला फरक कळत नाही. तो फरक करून माणसाला नावे ठेवतो तो समाज.

पूर्वी हा व्रण कायमचा समजला जाई. तो समजही आता मागे पडला आहे. हिपॅटायटिस बी वर टेनोफोव्हिर हे औषध घेणाऱ्या रुग्णांचा पाच वर्षांचा अभ्यास 2013 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या 96 जणांपैकी 71 जणांच्या यकृतात पाच वर्षांनी सिरॉसिस उरला नव्हता. इजा थांबली की जाग्या झालेल्या पेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा शांत होतात आणि व्रण हळूहळू विरघळतो.

आता औषधांकडे वळू. मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रेस्मेटिरोम या गोळीला मान्यता दिली. 966 रुग्णांच्या चाचणीत मोठ्या मात्रेवर सुमारे 26 टक्के रुग्णांचा फायब्रोसिस किमान एक पायरी उतरला, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 14 टक्के होते. ऑगस्ट 2025 मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनलाही याच आजारासाठी मान्यता मिळाली. तेथे हे आकडे सुमारे 37 आणि 22 टक्के असे आहेत.

हे आकडे जमाखर्च मांडतो तसे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. औषधाचा खरा फायदा दोन आकड्यांतील फरकाएवढाच, म्हणजे शंभरात बारा ते पंधरा जणांना. दोन्ही मान्यता दुसऱ्या-तिसऱ्या पायरीसाठी आहेत, सिरॉसिससाठी नाहीत. शिवाय ही औषधे चरबी आणि चयापचयावर काम करतात. फ्रीडमन यांच्या पेशींवर थेट काम करून व्रण थांबवणारे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. त्या वाटेवरचे सिमटुझुमॅबसारखे प्रयत्न मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरले. संशोधनाने कारण सापडले, पण उपाय निम्म्या वाटेवर आहे.

आणि पैशाचा प्रश्न आहेच. ही औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटाची मुदत मार्च 2026 पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांच्या स्पर्धेने किंमत उतरली, तरी पेन्शनरच्या खिशाला महिन्याचा हप्ता तो हप्ताच.

उलट एक जुना उपाय अजून या औषधांच्या पुढे आहे. क्युबातील 293 रुग्णांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी वर्षभरात आपले वजन दहा टक्के किंवा अधिक उतरवले, त्यांच्यापैकी 45 टक्के रुग्णांचा फायब्रोसिस कमी झाला. मेख एवढीच की तेवढे वजन उतरवू शकले ते दहात एक. सत्तर किलोच्या माणसाने सात किलो कमी करायचे, तेही पोहे, जिलेबी आणि शेव यांच्या इंदुरात!

भारत सरकारने 2021 मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आणि सप्टेंबर 2024 मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. दहा जणांत एक ते तीन जणांना हा त्रास असू शकतो, असे आरोग्य मंत्रालयच म्हणते. पण सूचना कागदावरून खाली उतरायला वेळ लागतो. तोवर आपण काय करायचे?

पहिले म्हणजे सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ वाचून ‘सगळ्यांनाच असते’ म्हणत तो कपाटात ठेवू नये. ती ग्रेड चरबीची आहे, व्रणाची नव्हे. व्रणाचा अंदाज ‘फिब-फोर’ या साध्या हिशेबाने येतो. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ याने भागायचे. समजा वय 63, एसजीओटी 40, एसजीपीटी 25 आणि प्लेटलेट दीड लाख. अहवालात बहुधा काहीच ठळक छापून येणार नाही. पण 2520 भागिले 750 केले तर उत्तर येते 3.36. 1.3 च्या आत सहसा चिंता नसते (पासष्टी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा 2 धरतात), आणि 2.67 च्या वर मात्र तज्ज्ञांना दाखवून फायब्रोस्कॅनचा विचार करावा. हे निदान नव्हे, इशारा आहे. बँकेत खाते 90 दिवस थकल्यावर बुडीत ठरते, पण चांगला अधिकारी त्याआधीच हप्त्यांची ओढाताण ओळखतो, तसेच हे.

गणेशोत्सवातील आरोग्य शिबिरात आपण रक्तशर्करा आणि रक्तदाब तपासतोच. यंदा मधुमेही सभासदांसाठी या तीन तपासण्या जोडाव्यात आणि हिशेब करून चिठ्ठीवर लिहून द्यावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. आकडेमोड करायला आम्ही निवृत्त मंडळी बसू.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. 2023 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी आजाराच्या नावातून ‘फॅटी’ आणि ‘अल्कोहोलिक’ हे दोन्ही शब्द काढून टाकले. रुग्णाला त्यामुळे कलंक लागतो, हे त्यामागचे एक कारण होते. जगाने नाव बदलले, आपण निदान जीभ आवरू. आमचे ते स्नेही शेवटचे वर्षभर आपल्यात आले नाहीत. ते आजारामुळे नव्हे, हे आम्हाला माहीत आहे.