बोरगावला कोण सांगणार?

पावसाळा आला की निपाणी तालुक्यातील बोरगाव, कारदगा, भोज या दूधगंगाकाठच्या गावांचे लक्ष आभाळापेक्षा नदीकडे अधिक लागते. कारदगा-भोज बंधारा पाण्याखाली गेला, म्हणजे वाट बंद आणि काठचा ऊस पाण्यात, हे येथील नेहमीचे गणित. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये हे गणित मोडले. नद्या अशा फुगल्या की यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूरु महामार्गच बंद पडला. दुसरीकडे, याच दूधगंगेच्या पाण्यावरून भांडणेही होतात. इचलकरंजीला पाणी नेणाऱ्या सुळकूड योजनेस काठच्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध सर्वांच्या स्मरणात आहे. कधी पाणी अति, कधी अपुरे, असे का होत आहे, हे बोरगावच्या शेतकऱ्यास कोणी, कोणत्या भाषेत समजावून सांगितले आहे काय, असा आमचा प्रश्न आहे.

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हा भौतिकशास्त्राचा नियम. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात एकूण पाऊस मात्र घटत होता. या अतिवृष्टीचा संबंध त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांशी जोडला. एवढ्यावरून दूधगंगेच्या प्रत्येक पुराचे खापर तापमानवाढीवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि, वाऱ्याची दिशा कळण्यास इतके पुरेसे आहे. आमच्या किनाऱ्यावरील वाचकास बोरगाव घाटापलीकडचे वाटेल. परंतु तेथील शिवारे बुडविणारा पाऊस आपल्याच समुद्रावरून जात असतो.

हे ज्ञान पुण्यात निर्माण झाले आणि इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पुण्याहून बोरगाव महामार्गाने काही तासांचे अंतर. ते ज्ञानाला इतक्या वर्षांत ओलांडता आलेले नाही. याचे कारण शास्त्रज्ञांची अनास्था असे आम्हांस वाटत नाही. शास्त्र आणि गाव यांच्यामध्ये जी शासनयंत्रणा उभी आहे, तिलाच हा विषय आपला वाटत नाही, हे खरे दुखणे आहे.

सीमाभागात तर हे दुखणे दुहेरी होते. दूधगंगेवरील काळम्मावाडीचे धरण महाराष्ट्रात. त्यातून सोडलेले पाणी पोहोचते कर्नाटकातील गावांत. विसर्गाचा निर्णय एका राज्याचा, गाव हलविण्याची जबाबदारी दुसऱ्याची. अशा वेळी दोन्ही राज्यांनी एकत्र बसून लोकांना शहाणे करावे, ते सोडून २०१९ नंतर वाद रंगला तो अलमट्टीचा. महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये पुराचा दोष अलमट्टीवर नसल्याचा निष्कर्ष दिला, तरी वाद मिटलेला नाही. शेजाऱ्याकडे बोट दाखविणे सोपे. पूररेषेतील आपली बांधकामे मोजणे अवघड. लोकशिक्षणाची गरज लोकांइतकीच राज्यकर्त्यांनाही आहे, ती येथे.

भाषेचा प्रश्न येथे भावनेचा राहत नाही. पर्यावरणीय आघाताच्या मूल्यमापनाच्या अधिसूचनेचा मसुदा २०२० मध्ये निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्यावा, असे दिल्ली उच्च न्यायालयास सांगावे लागले. पश्चिम घाटावरील माधव गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे ठेवावा, असा गाडगिळांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही आणि अहवाल न वाचताच त्याला विरोध झाला. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण देशाने कधीचेच स्वीकारलेले आहे. निपाणी परिसरात मराठी भाषक किती, हे मोजण्यासाठी आयोगाची गरज नाही. कन्नड ही त्या राज्याची भाषा आहे, तिचा मान राहिलाच पाहिजे. परंतु पुराची सूचना ही राजभाषेच्या प्रतिष्ठेची परीक्षा घेण्याची जागा नव्हे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. नदी त्यासाठी थांबणार नाही.

स्वच्छ ऊर्जेची कथा याहून निराळी नाही. कर्नाटकाने पावगड येथे सुमारे दोन हजार मेगावॅटचे सौर उद्यान उभारले, हे खचितच भूषणावह. केंद्राच्या २०२४ मधील सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौरसंचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण त्याच राज्यात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली घरगुती वीज २०० युनिटांपर्यंत मोफत, आणि दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत. ज्याच्या घरी बिलच येत नाही, त्याने छपरावर सौरसंच का बसवावा? गरिबाला सवलत नको, असे आमचे म्हणणे नाही. एका हाताने प्रोत्साहन आणि दुसऱ्या हाताने निरुत्साह, हा हिशेब धोरण आखणाऱ्यांनी एकदा तरी मांडला पाहिजे. उसाच्या पट्ट्यात पाचट जाळून जमिनीचा कस घालविला जातो, त्याविषयीही घोषणांपेक्षा बांधावरचे प्रात्यक्षिक अधिक कामी येईल.

उपाय खर्चिक नाहीत. धरणातून विसर्ग वाढला की तो आकडा केवळ क्युसेकमध्ये न कळविता, कोणत्या गावी किती तासांत पाणी कोठवर येईल, हे मराठी व कन्नड दोन्ही भाषांत कळवावे. प्रत्येक बंधाऱ्याजवळ २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा रंगवाव्यात; मुलांना याहून चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण-शिक्षण शाळांत सक्तीचे केले, परंतु पाठ्यपुस्तकातील हिमनदी परीक्षेपुरती पाठ होते आणि गावची नदी अपरिचित राहते. पॅरिस कराराच्या बाराव्या कलमाने लोकशिक्षणाचे वचन आपण जगाला दिलेले आहे. ते पाळावयाचे असेल तर दोन्ही राज्यांच्या आमदारांनी आणि अभियंत्यांनी दरवर्षी मृगापूर्वी एक दिवस दूधगंगेच्या काठी येऊन बसावे. तेथे सांगण्याबरोबर ऐकण्याचेही काम करावे, कारण पाणी कोठून चढते आणि कोठे तुंबते, हे काठचा शेतकरी नकाशापेक्षा अधिक जाणतो. पुढचा महापूर येण्याआधी ही बैठक झाली पाहिजे. ती बोलावण्यास दोन्ही सरकारांना कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची आवश्यकता नाही.