हळदीतला बेंजो, कान देऊन
उरण-करंजाकडे हळदीच्या रात्री बेंजो पार्टी रंगात आली की मी नाचणाऱ्यांतून वाट काढत वाजवणाऱ्याच्या हाताशी जाऊन उभा राहतो. डावा हात टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी, आणि वाद्यातून थेट स्पीकरकडे गेलेली वायर. मूळ वाद्य जपानी, १९१२ साली नागोयात घडलेलं ताइशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं आणि आगरी-कोळी मांडवात बेंजो. गाणं सगळ्यांना पाठ असलेलंच निवडतात. मुखडा एकदा सरळ वाजतो. दुसऱ्या फेरीत शेवटचा सूर लांबतो, तिसरीत ओळ अर्ध्यावर सोडली जाते, ती रिकामी जागा ढोलकीवाला भरून काढतो, आणि समोरचे पाय थकत नाहीत तोवर अंतरा येतच नाही! जॅझमधलं गिटार, बास आणि ड्रम्सचं त्रिकूट लोकांच्या ओठांवरची गाणी घेऊन हेच करतं. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने तर १९६० मध्ये ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे ब्रॉडवेच्या नाटकातलं गाणं सॅक्सोफोनवर घेतलं आणि जेमतेम दोन कॉर्डच्या आधाराने जवळपास १४ मिनिटं फुलवत नेलं. त्यावर भरभरून लिहिलं गेलं. आमच्या बेंजोवाल्याच्या वाट्याला मात्र ‘आवाज कमी करा’ एवढंच येतं. आवाजाची तक्रार रास्त आहे, पण त्या आवाजात जे सुचतंय ते अस्सल आहे. या वादकांचं नीट ध्वनिमुद्रण व्हायला हवं, तेही स्टुडिओत नव्हे, मांडवातच, नाचणाऱ्यांच्या आरोळ्यांसकट.