पाहुण्यांपुढचे तबक

आपल्या सीमाभागातील जुन्या मराठी घरांतून अलीकडे पाहुणा टेकतो न टेकतो तोच एक तबक पुढे येते. मधोमध चीजच्या चौकोनी वड्या, भोवती किवीच्या चकत्या, परदेशी सफरचंदाच्या फाकी आणि काळी द्राक्षे. या तबकावरून आपल्या मंडळींत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, ही परक्यांची नक्कल. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चालले पाहिजे. माझे भांडण दोघांशीही आहे.

पहिल्या पक्षाला विचारावेसे वाटते, परके म्हणजे कोण? बेळगाव तालुक्याच्या शिवारात पिकणारा बटाटा आणि शेजारच्या चंदगडचा काजू हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. त्यांची नावेसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेली. पेरू, पपई, सीताफळ, चिकू यांचेही मूळ तिकडचेच. आंबट घालून दूध फाडणे आपल्या परंपरेत नव्हते म्हणावे, तर कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने सुमारे ११३० मध्ये सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तशा पदार्थाची कृती आहे. राहिली सजावट. लग्नातील रुखवत, विहिणीच्या पंगतीतील ताटाभोवतीची महिरप, भाताची रेखीव मूद ही सजावट नव्हे तर काय? ती करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना कोणी नक्कलखोर म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता दुसरा पक्ष. मागील हिवाळ्यात आमच्याच घरी पुण्याची मंडळी यायची होती. सकाळी शेजारचे एक वृद्ध शेतकरी आपल्या परसातील पाडाचे पेरू पिशवीभर घेऊन आले. “पाव्हण्यास्नी द्या,” म्हणाले. सायंकाळी ते पाहुण्यांना भेटावयास आले, तेव्हा बैठकीत तबक सजलेले होते आणि त्यात किवी होती. पेरूंची पिशवी माजघरात तशीच पडलेली. त्यांनी तबकाकडे एकदा पाहिले, चहा घेतला आणि नेहमीपेक्षा लवकर उठले. मी घरचा कर्ता असून मला ते सकाळी सुचले नाही, याची लाज अजून गेलेली नाही.

काळाबरोबर चालणे म्हणतात ते हेच काय? हिरव्या किवीच्या दुपटीहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व पेरूत असते. मग दूरदेशीचे फळ बैठकीत आणि दारचे फळ माजघरात, हा न्याय कोणता? तो आरोग्याचा नव्हे, चवीचाही नव्हे. पाहुणा आपल्याला गावंढळ समजेल या धास्तीचा तो न्याय आहे. आणि ज्या चीजचा एवढा डौल, ते बहुधा चीज वितळवून, त्यात क्षार मिसळून कारखान्यात घडवलेली वडी असते. तिने कोणाची प्रतिष्ठा वाढावी!

म्हणून तबक मोडू नका, त्यातली धास्ती काढा. मधे पेरूच्या फाकी आणि तिखटमिठाची वाटी ठेवा. भोवती पपई, केळी, चंदगडचे काजू आणि एका कोपऱ्यात बेळगावचा कुंदा मांडा. चीज हवे तर अवश्य ठेवा. मात्र अर्धा तास आधी शीतकपाटातून काढा, म्हणजे त्याला चव येईल. फळे पाहुणे आल्यावरच चिरा आणि सफरचंद असलेच तर त्याला लिंबाचा रस लावा, म्हणजे ते काळे पडणार नाही. मुख्य म्हणजे, कोणते फळ कोणाच्या परसातले हे पाहुण्याला सांगा.

कडोलीत दरवर्षी जानेवारीत साहित्य संमेलन भरते. दूरदूरचे साहित्यिक आणि रसिक गावात येतात. ते आपली भाषा ऐकावयास येतात आणि आपण तिची लाज बाळगीत नाही. मग येत्या जानेवारीत त्यांच्यापुढे ठेवायच्या तबकात पेरू नसेल, तर त्याचे कारण आपण त्यांना काय सांगणार आहोत? आमच्या घरी तरी यंदा पेरूंची पिशवी त्या शेजाऱ्यांकडून मी स्वतः मागून आणणार आहे, आणि त्या सायंकाळी बैठकीत पहिली फाक त्यांच्याच हाती देणार आहे.