कोरडी त्वचा व ओलें वाङ्मय

हिंवाळा लागला कीं आमच्या वाङ्मयाच्या एका शाखेस मोठा बहर येतो. कोणत्याही वाङ्मयेतिहासांत या शाखेचें नांव नाहीं. परंतु तिचा वाचकवर्ग कथा-कादंबऱ्यांच्या वाचकवर्गाहून विस्तीर्ण आहे, आणि तिच्या एकेका वाक्यावर जितका पैसा खर्च होतो तितका आमच्या उत्तमोत्तम ग्रंथकारांच्या उभ्या आयुष्यांतील लेखनावरही झाला नसेल. चेहऱ्यास लावावयाच्या मलमांच्या डब्यांवरील व जाहिरातींतील गद्य ही ती शाखा. या गद्यांत त्वचा तहानलेली असते, मलम तिची तहान भागवितें, पेशी जाग्या होतात, कांति उजळते, आणि हें सर्व सात दिवसांत घडून येतें. साहित्याला वाहिलेल्या मासिकानें असल्या गद्याची दखल कां घ्यावी, असें ज्यांस वाटेल त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, नुकतीच नोकरीस लागलेली मुलगी पहिल्या पगारांतून काय विकत घेते आणि आरशांत पाहून स्वतःविषयीं काय समजते, हें आज आमच्या कवींहून या गद्याचे लेखक अधिक ठरवीत आहेत. ज्या लेखनाचें सामर्थ्य एवढें, त्याची परीक्षा व्हावयास नको काय?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असून त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लें यांचा लेप चुन्यासारखा भरलेला असतो. शरीरांतील पाणी या भिंतींतून एकसारखें झिरपून हवेंत उडून जात असतें. भिंत धड असली तर थोडें, सांधे खिळखिळे झाले तर पुष्कळ. हवा कोरडी झाली कीं वरच्या थरांतलें पाणी घटतें, थर ताठर होतो, आणि एरव्हीं नकळत गळून पडणाऱ्या पेशी कोंड्यासारख्या दिसूं लागतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश किंवा निफाडकडील माणसास हें समजावून सांगावयास नको. हातावर नखानें ओढलेली पांढरी रेघ तो लहानपणापासून पाहत आला आहे. मुंबईच्या दमट हवेंत राहणाऱ्यास तोच अनुभव वातानुकूलित कचेरींत मिळतो. थंड देशांत जाऊन राहिलेल्या आमच्या बांधवांची तर घरांतही सुटका नाहीं: शून्य अंशावरील बाहेरची हवा बाष्पानें पूर्ण भरलेली असली तरी ती घरांत घेऊन वीस अंशांपर्यंत तापविली कीं तिची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खालीं येते.

कोरडेपणा म्हणजे तेलाची उणीव, ही समजूत फार जुनी. आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकानें १९५२ सालीं ती प्रयोगानें खोडून काढली. वाळून कडक झालेला त्वचेचा थर तेलांत ठेवला तरी ताठच राहिला. पाणी मिळतांच तो मऊ झाला. मऊपणा पाण्याचा, आणि तेलाचें काम तें पाणी अडवून धरण्याचें. सर्व मलमांचें शास्त्र एवढ्यांत सांठलेलें आहे. ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल हीं पाणी धरून ठेवतात. पेट्रोलियम जेली, मेण, लोकरीच्या मेदापासून निघणारें लॅनोलिन हीं पाण्याची वाट अडवितात. आणि निरनिराळीं तेलें व मेदद्रव्यें उचललेल्या पेशींमधील फटी भरून पृष्ठभाग गुळगुळीत करितात. चांगलें मलम म्हणजे या सर्वांचें पाण्याशीं जमविलेलें मिश्रण. दुसऱ्या शतकांतील गेलन या वैद्याच्या नांवावर मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी यांचें असें एक मिश्रण आहे. आमच्या वैद्यांचें शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळां पाण्यानें धुतलेलें तूप, हें त्याच कुळांतलें. १९११ सालीं हॅम्बुर्ग येथें निव्हिआ निघालें तें लोकरीच्या मेदापासून काढलेल्या एका द्रव्यामुळें पाणी व तेल टिकाऊपणें एकत्र नांदूं लागलें म्हणून. त्यानंतर सुधारणा झालीच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सेरामाइडयुक्त मलमें ही खरी सुधारणा आहे, आणि एक्झिमानें ज्यांची त्वचा जर्जर झाली आहे त्यांस त्यांचा उपयोगही होतो. परंतु किंमत ज्या प्रमाणांत वाढली त्या प्रमाणांत गुणही वाढला, हें सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर आहे, आणि तो त्यानें विशेषणांच्या खांद्यावर टाकून दिला आहे.

सध्यां हायलुरॉनिक आम्लाची चलती आहे. कार्ल मायर व जॉन पामर यांनीं १९३४ सालीं गुराच्या डोळ्यांतील पारदर्शक द्रवांतून तें वेगळें काढलें. तो शोध मोठाच होता. पुढें जाहिरातकारांनीं त्यास एक स्तोत्र जोडलें: हें द्रव्य आपल्या वजनाच्या हजारपट पाणी धरून ठेवतें! धरीत असेल, परंतु बाटलींत तें पाण्यांतच विरघळविलेलें असतें, म्हणजे त्याची तहान दुकानांतच भागलेली. शिवाय त्याचे मोठे रेणू त्वचेंत शिरत नाहींत. ते वर राहून एक पातळ ओलसर थर देतात. हें कार्य वाईट नव्हे. पण १७७९ सालीं शेले यानें शोधून काढलेलें ग्लिसरीन तेंच कार्य अत्यल्प खर्चांत करितें, आणि त्याचा रेणू लहान असल्यामुळें तो वरच्या थरांत मुरतोही. वर मेदाचें झांकण नसेल तर कोरड्या हवेंत दोहोंचाही टिकाव लागत नाहीं, ही गोष्ट मात्र त्या स्तोत्रांत कोठेंच येत नाहीं.

येथवर वाचून आमचे घरगुती उपायांचे अभिमानी प्रसन्न झाले असतील. त्यांस फार वेळ प्रसन्न ठेवण्याची आमची इच्छा नाहीं. "केमिकल नको, नैसर्गिक हवें" हा त्यांचा मंत्र जाहिरातकाराच्या स्तोत्राइतकाच पोकळ असून जाहिरातकारानें तो केव्हांच उचलून डब्यावर छापलाही आहे. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून निघते म्हणून ती विषवत्, असें हे लोक सांगत असतात. रॉबर्ट चेसब्रो यानें १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. एखाद्या पदार्थाचें वावडें आहे काय हें पाहण्यासाठीं त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ज्या पट्ट्या लावतात, त्यांतील बहुतेक पदार्थ याच जेलींत कालविलेले असतात, कारण ती स्वतः क्वचितच कोणास बाधते. ती वर नुसतें झांकण घालून बसते हेंही खरें नव्हे. ती बाहेरच्या थराच्या सांध्यांत शिरते आणि भिंतीची दुरुस्ती चालू राहूं देते, असें १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. उलट दालचिनी, लिंबू व नाना प्रकारचीं सुगंधी तेलें हीं निसर्गाचींच लेंकरें, पण त्वचेस बाधणाऱ्या पदार्थांत त्यांची गणना वरच्या रांगेंत होते.

आणि तेलें तरी सगळीं एकाच माळेचे मणी आहेत काय? सूर्यफुलाचें तेल त्वचेच्या भिंतीस अनुकूल ठरलें आहे. ऑलिव्हचें तेल त्यांतील ओलिइक आम्लामुळें तिचे सांधे ढिले करितें, आणि मोहरीच्या तेलाचाही उंदरांवरील प्रयोगांत प्रतिकूल अनुभव आला. खोबरेल परीक्षेंत उतरलें: २००४ सालीं फिलिपाइन्समध्यें कोरड्या त्वचेच्या ३४ रोग्यांवर तें खनिज तेलाच्या बरोबरीनें गुणकारी ठरलें. पण ती परीक्षा पायांच्या त्वचेची होती. तारुण्यपीटिका येणाऱ्या चेहऱ्यावर तेंच खोबरेल छिद्रें बुजवून नवें दुखणें उभें करितें. कोंकणांत कोकमाच्या बियांचें तेल घट्ट गोळ्यांच्या रूपानें घरोघर असे; अंगाच्या उष्णतेनें तें मऊ होऊन पसरतें. तेथल्या आजीबाई तें टांचांच्या भेगांना व फुटलेल्या ओठांना लावीत, सबंध तोंडास फांसत नसत. कोणतें द्रव्य कोठें चालतें हें त्यांस अनुभवानें कळलें होतें, आणि आजच्या अभिमान्यांस नेमकें तेंच कळत नाहीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत हेमंतांतील तैलाभ्यंग सांगितला आहे. दिवाळीच्या स्नानांतही आधीं तेल व मग उटणें असाच क्रम आहे. त्यांतला तेलाचा भाग गाळून, डाळीचें पीठ व लिंबाचा रस तेवढा ऐन थंडींत चेहऱ्यावर चोळणें आणि परंपरा पाळल्याचें समाधान मानणें, हा प्रकार अलीकडचा.

परंतु आमच्या रागाचा मुख्य विषय निराळाच आहे. ई. एस. पाटणवाला यांनीं १९१९ सालीं मुंबईंत अफगाण स्नो काढलें. स्वदेशी उद्योग म्हणून त्याचें कौतुक योग्यच होतें. पण स्नो या जातीचें मलम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल, थोडा क्षार व पुष्कळ पाणी. तें लावतांच दिसेनासें होतें, पावडर बसावयास सोयीचें, आणि कोरड्या त्वचेस त्याचा आधार बेताचाच. ज्या देशाच्या बहुतेक भागांत बर्फ कधीं पडत नाहीं, तेथें तोंडास लावावयाच्या वस्तूला बर्फाचें नांव शोभून दिसावें, याचें कारण तिच्या गुणांत नसून गिऱ्हाइकाच्या मनांत होतें. १९७५ सालीं फेअर अँड लव्हली बाजारांत आलें. २०२० सालीं त्याच्या नांवांतला 'फेअर' जाऊन त्या जागीं 'ग्लो' आला. तेव्हांपासून सर्वत्र तेज, उजळपणा व नितळपणा यांचें राज्य आहे. शब्द बदलले, इशारा कायम राहिला.

आणि गंमत अशी कीं शास्त्र याच्या नेमकें उलट आहे. सांवळ्या त्वचेवर कोरडेपणा राखेसारखा दिसतो, कारण उचललेल्या खवल्यांवर प्रकाश विखुरतो. मलमानें खवले बसले कीं हें विखुरणें थांबतें, आणि त्वचेचा मूळचा सांवळा वर्ण गडद व स्वच्छ दिसूं लागतो. म्हणजे हिंवाळी मलम उत्तम निघालें तर काळा मनुष्य चांगला काळाभोर दिसला पाहिजे! हें वाक्य छापणारा कारखानदार अजून आमच्या पाहण्यांत नाहीं.

या उजळपणाच्या नादाचा परिणाम हास्यास्पद असता तर आम्ही येथेंच थांबलों असतों. तो भयंकर आहे. तोंड कोरडें पडलें, डाग दिसले, कीं औषधाच्या दुकानांतून एक नळी आणावयाची आणि रोज रात्रीं लावावयाची, ही चाल गांवोगांवीं पसरली. त्या नळींत पुष्कळदां तीव्र स्टेरॉइड असतें. आरंभीं त्वचा गोरी व गुळगुळीत दिसते. पुढें ती कागदासारखी पातळ होते, लाल शिरा उमटतात, पुळ्या येतात, आणि मलम बंद करतांच चेहरा आगीसारखा जळूं लागतो. मार्च २०१८ मध्यें केंद्र सरकारनें अशीं १४ स्टेरॉइडें शेड्यूल एच मध्यें घालून चिठ्ठीवांचून त्यांच्या विक्रीस मनाई केली. मनाई झाली म्हणून मागणी थांबत नसते. ती ज्या गद्यानें निर्माण केली त्याच्यावर कोणाची मनाई आहे?

मग घ्यावें तरी काय, असें वाचक विचारतील. आधीं कांहीं सोडावें: कढत पाणी, आणि चेहऱ्यास अंगाचा साबण. त्वचा स्वभावतः किंचित् आम्लधर्मी, साबण चांगलाच क्षारधर्मी. दोन वेळां साबणानें तोंड धुवून वर मोलाचें मलम लावणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. कोमट पाण्यानें तोंड धुवावें, टिपून घ्यावें, आणि तें ओलसर आहे तोंच मलम लावावें. बिनवासाचें, ग्लिसरीन व कांहीं मेदद्रव्य असलेलें साधें मलम बहुतेकांस पुरतें. फार कोरड्या प्रदेशांत रात्रीं त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदीं पातळ हात फिरवावा. पुळ्यांचा उपद्रव असेल त्यांनीं जेली ओठांपुरतीच ठेवून पातळ जातीचें मलम पाहावें. खाज थांबत नसेल, भेगांतून रक्त येत असेल किंवा लहान मुलाचे गाल हिंवाळाभर लाल राहत असतील, तर दुकानदारास न विचारतां वैद्यास विचारावें. सुगंध, सोनेरी झांकण व नटीचें चित्र यांचे पैसे ज्यांस आनंदानें द्यावयाचे असतील त्यांनीं ते खुशाल द्यावे; हौसेस आमची हरकत नाहीं, हौसेला औषध म्हणविण्यास आहे.

डब्यावरील शब्दांपैकीं विश्वास कशावर ठेवावा? समोरच्या बाजूवरील जवळजवळ कशावरच नव्हे. ज्यास वावडें संभवत नाहीं अशा अर्थाचा जो 'हायपोॲलर्जेनिक' शब्द मिरविला जातो, त्यास पुराव्याची अट घालणारा नियम अमेरिकेच्या सरकारनें १९७५ सालीं केला, आणि १९७७ सालीं तेथील न्यायालयानें कारखानदारांच्या फिर्यादीवरून तो रद्द केला. तेव्हांपासून तेथें त्या शब्दास कायदेशीर अर्थच उरला नाहीं. खरी माहिती मागच्या बाजूस, बारीक टाइपांत असते. आमच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन-नियमांप्रमाणें एक टक्क्याहून अधिक असलेलीं द्रव्यें प्रमाणाच्या उतरत्या क्रमानें द्यावीं लागतात. त्याहून कमी असलेलीं नंतर कोणत्याही क्रमानें चालतात. समोर केशराचें चित्र आणि मागें केशर यादीच्या शेपटास, हा देखावा ज्यास वाचतां येतो तो सहसा फसत नाहीं. पण वाचतां येण्याचीच तर पंचाईत! जाहिरात शुद्ध मराठींत, कवितेला लाजविणारी. द्रव्यांची यादी इंग्रजी-लॅटिनच्या खिचडींत, भिंगाशिवाय न दिसणारी. वेष्टित मालाविषयींच्या २०११ च्या नियमांनीं वजन-किमतीच्या मजकुरास हिंदी किंवा इंग्रजी पुरेशी मानली आहे. मराठीची सक्ती तेथें नाहीं. मराठी माणसास मोह घालण्याइतकी मराठी ज्या कारखानदारांस येते, त्यांस 'पाणी, ग्लिसरीन, मेण' हे तीन शब्द त्याच भाषेंत व त्याच आकाराच्या अक्षरांत छापावयास लावणारा नियम राज्यसरकारनें केंद्राकडे मागावा, आणि मराठीच्या रक्षणाचे ठराव दरवर्षीं करणाऱ्या आमच्या साहित्यसंस्थांनीं येत्या वर्षीं निदान एक ठराव याविषयींही करावा.