वेडा राजा आणि आपण शहाणे

गेल्या शिवजयंतीला आमच्या पांडेसऱ्यात एका मंडळाने व्याख्यान ठेवले होते. वक्ते पुण्याकडचे. नाव सांगत नाही, कारण माझे भांडण त्यांच्या एकट्याशी नाही. ते म्हणाले, परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला कणा ताठ ठेवायचा असेल तर त्याच्या घरात ऐतिहासिक कादंबरी हवी. मग त्यांनी 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'राऊ' अशी नावे घेतली आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. या तिन्ही कादंबऱ्या मी मिलच्या रात्रपाळीत, ताक्यांच्या थप्पीला पाठ टेकून वाचल्या आहेत आणि रमाबाईंच्या सती जाण्याला रडलोही आहे. तरी त्या रात्री घरी येताना मनात एक काटा सलत राहिला. दीड तासाच्या त्या भाषणात सुरत शहर दोनदाच आले, एकदा १६६४ साली आणि एकदा १६७० साली. पुढे या शहरात जणू काही घडलेच नाही. निदान कादंबरी तरी कुणी लिहिली नाही!

लिहिली, वक्तेमहाराज. ज्या शहरात उभे राहून तुम्ही आम्हाला ऐतिहासिक कादंबरीचे माहात्म्य सांगत होता, त्याच शहरातल्या एका शाळामास्तराने १८६६ साली 'करणघेलो' प्रसिद्ध केली. गुजराती भाषेतली ही पहिली कादंबरी, आणि तीही ऐतिहासिक. बंगालीत बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी' १८६५ची. आपल्या गुंजीकरांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तारा'त १८६७पासून येऊ लागली आणि १८७१ साली पुस्तकरूपाने निघाली. म्हणजे आपल्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीच्या एक वर्ष आधी सुरतेची. आणि गंमत अशी की तिच्या कथेचा शेवटचा मोठा भाग गुजरातेत घडतच नाही. तो घडतो आमच्या बागलाणात आणि देवगिरीच्या वाटेवर. धुळे-नंदुरबारच्या किती वाचकांना हे ठाऊक आहे? मला स्वतःला वयाच्या साठीपर्यंत ठाऊक नव्हते. पस्तीस वर्षे रंगाई-छपाईच्या मिलमध्ये मेहताजी म्हणून गुजराती चलने खरडली, पण गुजराती पुस्तक हाती धरले नाही. नातू गुजराती माध्यमात शिकतो, त्याने ते शाळेतून आणले, म्हणून हाती पडले.

लेखकाचे नाव नंदशंकर तुळजाशंकर मेहता. जन्म १८३५चा, सुरतेतलाच. नागर ब्राह्मण. तरुण वयातच ते इथल्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले. नर्मद, नवलराम आणि नंदशंकर हे सुरतेचे तीन 'न' म्हणून गुजराती साहित्यात ओळखले जातात. हे तिघे ज्या हवेत वाढले ती हवा तयार करण्यात एका मराठी माणसाचाही हात होता, हे आपण किती सहज विसरलो! आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या काळी सुरतेत शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथे मानवधर्मसभा उभी केली आणि जातिभेदावर, भुताखेतांवर, मंत्रतंत्रावर तोफ डागली. परमहंस सभेचे बी मुंबईत रुजण्याआधी सुरतेत पडले ते असे. तेव्हा सुरत आणि मराठी यांचा संबंध लुटीपासून लुटीपर्यंतच होता, असे पुन्हा कुणी मला सांगू नये.

शिक्षण खात्याच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने सुचवले म्हणून नंदशंकरांनी इंग्रजी कादंबऱ्यांच्या धर्तीवर गुजरातीत कथा लिहायला घेतली. विषय निवडला पाटणचा शेवटचा राजपूत राजा करण वाघेला. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे राज्य अलाउद्दीन खिलजीच्या फौजेने बुडवले. विषय पाहून कुणालाही वाटेल, आता शौर्याचे पोवाडे सुरू होणार. पण या हेडमास्तराने पुस्तकाच्या कपाळावरच आपल्या राजाला 'घेलो' म्हणून टाकले. घेलो म्हणजे वेडा. पुस्तक उघडण्याआधी निकाल ऐकवला! कथा थोडक्यात अशी: राजा आपल्याच माधव नावाच्या प्रधानाच्या बायकोवर भाळतो, प्रधानाला कामाच्या निमित्ताने दूर धाडतो, आणि तिला उचलून आणतो. तिला वाचवायला उभा राहिलेला दीर मारला जातो, त्याची बायको सती जाते आणि जाताना शाप देते. अपमानित माधव दिल्लीला जातो व सुलतानाची फौज घेऊन येतो. राज्य जाते, राणी शत्रूच्या हाती पडते, आणि राजा लहान मुलीला घेऊन बागलाणात आश्रयाला येतो.

आता कुणी म्हणेल, दोष देशद्रोही माधवाचा. आपल्या सभांमधून तेच म्हटले गेले असते. नंदशंकर माधवाला सोडत नाहीत, तोही पुढे पस्तावतो. पण दार आतून कुणी उघडले याचा हिशेब त्यांनी राजाच्या नावावर मांडला आहे. मी मेहताजी आहे, मला नोंद कुठल्या खात्यावर पडली ते आधी दिसते.

कादंबरी म्हणून ती निर्दोष आहे असे मुळीच नाही. वर्णने लांबलचक आहेत, भुताप्रेतांचे प्रसंग आहेत, मधूनच हेडमास्तर वर्गात शिरतो आणि नीतीचा पाठ घेऊ लागतो. परधर्मीयांविषयी त्या काळचे पूर्वग्रहही तिच्यात आहेत. इतिहास म्हणून तर ती फार जपून घ्यावी लागते. माधवाची हकीकत मेरुतुंगाच्या आणि पंधराव्या शतकातल्या 'कान्हडदे प्रबंधा'च्या आधारावर उभी आहे, मुलीची कथा अमीर खुस्रोच्या काव्यात आहे, आणि तिच्या खरेपणावर विद्वानांत वाद आहे. कन्हैयालाल मुनशी तर ती कल्पितच मानत. पण मला इथे इतिहासाच्या परीक्षेला बसायचे नाही. प्रश्न एवढाच आहे की कादंबरीकाराने आपल्या वाचकाला काय वाचायला लावले.

आणि इथे मला आपल्या घरात पाहावे लागते. मराठी ऐतिहासिक कादंबरी मोठी आहे, आणि माझे तिच्यावर प्रेम आहे. ना. सं. इनामदारांनी तर विलक्षण काम केले. इतिहासाने ज्यांना काळे फासले अशी माणसे त्यांनी शोधून काढली. 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'त दुसरा बाजीराव, 'राऊ'त मस्तानीपायी घरच्यांशी फटकलेला पहिला बाजीराव. शिंतोडे उडालेल्या माणसाला कैफियत मांडू देणे हे कादंबरीकाराचे कामच आहे. पण पाहा, लेखणी बहुधा एकाच दिशेने चालते. काळे असेल ते धुवायचे, उजळ असेल ते आणखी उजळायचे. आपल्याच राजाच्या अंगावर आपणच बोट ठेवायचे, हे कितीदा झाले? कबूल आहे, हरिभाऊ आपट्यांच्या 'वज्राघाता'त विजयनगरचा रामराजा स्वतःच्या तारुण्यातल्या पापापायी बुडतो. पण ते विजयनगर, आपले नव्हे! आणि हरिभाऊंचे नाव काढले की सभेत आठवतो 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला'. 'वज्राघाता'ला टाळ्या मिळाल्याचे मला तरी आठवत नाही.

गुजरातीतही निराळे घडले नाही, हेही सांगतो, नाही तर मी शेजाऱ्याच्या ताटाचे कौतुक करतो असे वाटेल. नंदशंकरांनंतर पन्नास वर्षांनी मुनशी आले. त्यांनी त्याच पाटणचे वैभव रंगवले, 'अस्मिता' हा शब्द घराघरात नेला, आणि वाचक त्यांच्या मागे गेला. वेड्या राजाचे पुस्तक अभ्यासक्रमात आणि कपाटात उरले. नंदशंकर स्वतः पुन्हा कादंबरीकडे वळले नाहीत. ते महसूल खात्यात गेले, पुढे संस्थानांच्या कारभारात शिरले, रावबहादूर झाले आणि १९०५ साली वारले. एवढी एकच कादंबरी. राज्ये कशी बुडतात हे लिहून झाल्यावर त्यांनी राज्ये चालवायला घेतली म्हणायची!

२०१८च्या जानेवारीत 'पद्मावत' चित्रपटावरून रान पेटले होते तेव्हाची गोष्ट. गुजरातेतल्या चित्रपटगृहांनी तो लावलाच नाही. सगळीकडे अलाउद्दीनचे नाव. आमच्या मिलच्या फाटकावर मराठी, ओडिया, उत्तरेकडची पोरे तावातावाने बोलत होती. त्याच अलाउद्दीनच्या फौजेने गुजरात घेतला, आणि तो का घेता आला याचा जाब आपल्याच राजाला विचारणारे पुस्तक इथून सात-आठ किलोमीटरवरच्या जुन्या सुरतेत लिहिले गेले होते, हे एकानेही सांगितले नाही. मीही नाही. मला तेव्हा कुठे ठाऊक होते!

पण या पुस्तकातली जी जागा मला खरी लागली ती पुढे आहे. करण बागलाणात राहतो. राज्य गेले, अन्न दुसऱ्याच्या मुलखाचे. देवगिरीच्या रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव याचे मन करणच्या मुलीवर, देवलदेवीवर बसते. तिचेही त्याच्यावर. मागणी येते. आणि हा निर्वासित राजा म्हणतो, नाही. राजपुताची मुलगी मराठ्याच्या घरी देणार नाही! ज्यांच्या आश्रयाला बसला त्यांचेच कुळ त्याला हलके वाटते. दिल्लीची फौज पुन्हा दाराशी येते तेव्हा कुठे तो होकार देतो आणि मुलीला देवगिरीकडे रवाना करतो. तोवर फार उशीर झालेला असतो. वेरूळच्या लेण्यांजवळ ती शत्रूच्या सैनिकांच्या हाती पडते, असे जुन्या बखरकारांनी लिहून ठेवले आहे.

हे प्रकरण मी नातवाला वाचून दाखवत होतो. तो मध्येच म्हणाला, "नाना, हाई ते आपला बागलाननी गोट शे!" आणि मग विचारले, "पण त्यानी नाही का म्हणं?" मी उत्तर दिले नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या भाचीने आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाशी लग्न ठरवले होते. मुलगा गंजामचा, लूमच्या कारखान्यात जॉबर. निर्व्यसनी, घरी पैसे पाठवणारा. घरातल्या बैठकीत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आपण कोण, आपले कूळ काय, गावाकडे तोंड कसे दाखवायचे. अमळनेरहून दोन ट्रंका घेऊन पॅसेंजरने उधन्याला उतरलेला मी, दहा बाय दहाच्या खोलीत राहून कुळाच्या गोष्टी करत होतो. ते बळ मला कुठून आले होते? काही अंशी त्याच कादंबऱ्यांतून, रात्रपाळीत वाचलेल्या. त्या लेखकांचा यात दोष नाही. मी त्यांतून घेतले तेवढेच घेतले, आणि मला दुसरे काही कुणी वाचायला सांगितले नाही. भाचीने लग्न केले. आमचे येणे-जाणे तुटले.

नंदशंकरांच्या घराण्याचे पुढे काय झाले तेही या जागी सांगण्यासारखे आहे. त्यांचा मुलगा मनुभाई सयाजीराव गायकवाडांचा दिवाण झाला. म्हणजे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या आपल्या पोराचा कारभारी! मनुभाईंची मुलगी हंसाबेन. नागर ब्राह्मणाच्या या मुलीने वाणी समाजातल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केले, आणि जातीने त्याला विरोध केला. जीवराजभाई १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. हंसाबेन संविधान सभेत होत्या, आणि मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व माणसे' हा शब्द त्यांच्या आग्रहाने आला. आजोबांनी कुळाभिमानापायी बुडालेला राजा रंगवला, नातीने ते कूळ ओलांडून दाखवले. पुस्तकामुळेच हे घडले असा दावा मी करत नाही. पण त्या घरात ते पुस्तक होते.

म्हणून आमच्या सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या संपादकांना, व्याख्यानमाला भरवणाऱ्यांना आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या वक्त्यांना माझे रोखठोक सांगणे आहे. सुरतेतला मराठी माणूस मेला, त्याची पोरे गुजराती झाली, हे रडगाणे दर दिवाळीला छापता. महापालिकेच्या मराठी शाळांतली पोरे कमी होतात याची मलाही खंत आहे. पण जी पोरे गुजराती वाचतात ती आपली हरवली असे का धरून चालता? माझ्या नातवाने मराठी आजोबाला बागलाण दाखवले ते गुजराती पुस्तकातून. त्याला पुन्हा फक्त विजयाच्या कादंबऱ्या पाजून तुम्ही काय साधणार? त्याला वेडा राजाही वाचू द्या. आणि आपल्या लेखकांनीही कधीतरी एखाद्या मराठी राजाच्या, सरदाराच्या, कारभाऱ्याच्या पुस्तकाला तसले नाव देऊन पाहावे. कोणाला, ते मी सांगत नाही. मोर्चा माझ्या दाराशी यायचा!

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नातवाला पिंपळनेर-ताहराबादच्या रस्त्याने मुल्हेरला नेणार आहे. त्याने वहीत नकाशा काढला आहे, गुजरातीत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. भाचीला फोन केला होता. तिने उचलला, म्हणाली, घरच्यांना विचारून सांगते. अजून कळवलेले नाही.